व्हेंटलेस गॅस लॉग अर्ध्या तासात विझतात : ग्वाल्हेरच्या बंद खोल्यांतील दर हिवाळ्याची तक्रार

डिसेंबरचा मध्य उलटला की ग्वाल्हेरमधील ज्या मोजक्या मराठी घरांत व्हेंटलेस गॅस लॉग, म्हणजे धुराड्याशिवाय चालणारे गॅसचे कृत्रिम ओंडके, बसवलेले आहेत, त्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते. शेकोटी व्यवस्थित पेटते, पंधरा-वीस मिनिटांत दिवाणखान्याला ऊब येते आणि नंतर कोणीही नॉबला हात लावलेला नसताना ज्योत विझते. पुन्हा पेटवली की आणखी लवकर विझते. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक येतो, नळी आणि रेग्युलेटर तपासतो, शेकोटी चालवून दाखवतो, आणि त्याच्यासमोर ती दोन तास न कुरकुरता जळते, कारण दुपारची वेळ असते, अंगणाचे दार उघडे असते आणि माणसांची ये-जा चालू असते. तो गेला, रात्र झाली, दारे-खिडक्या लागल्या की ती पुन्हा विझते. दोन-तीन फेऱ्यांनंतर मेकॅनिकचा धीर सुटतो आणि तो म्हणतो, ‘‘सेन्सर खराब है, डायरेक्ट कर देते हैं।’’

हे ‘डायरेक्ट’ करणे, म्हणजे सेन्सर वगळून गॅस सरळ बर्नरला जोडणे, टळावे, एवढ्याचसाठी हे सविस्तर लिहीत आहे. ठरावीक वेळाने विझणारी शेकोटी बहुतेक वेळा बिघडलेली नसते. खोलीत तिला पुरेल एवढी हवा उरलेली नाही, हे ती सांगत असते. त्या हवेत घरातील माणसेही श्वास घेत असतात.

आधी एक खातरजमा

दिसायला अगदी सारखे असे दोन प्रकार बाजारात आहेत आणि इथल्या अनेक घरांत नेमका कोणता बसवला आहे हेच कोणाला ठाऊक नसते. एका प्रकारातील ओंडके धुराडे असलेल्या आतिशदानासाठीच, म्हणजे भिंतीतील शेकोटीच्या कोनाड्यासाठीच, बनवलेले असतात. त्यांची ज्योत शोभेसाठी मुद्दाम पिवळी आणि आळसावलेली ठेवलेली असते, तिच्यातून काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडणार हे गृहीत धरलेले असते, आणि म्हणून धुराड्याची झडप कायम उघडी राहील अशी पकड तिथे लावावी लागते. दुसरा प्रकार व्हेंटलेस. त्याचा बर्नर अधिक स्वच्छ ज्वलनासाठी घडवलेला असतो, ओंडक्यांची जागा अर्ध्या इंचाच्या काटेकोरपणाने ठरवलेली असते आणि पायलट ज्योतीपाशी, म्हणजे मुख्य बर्नर पेटवणाऱ्या लहानशा सतत जळणाऱ्या ज्योतीपाशी, प्राणवायू कमी झाल्याचे ओळखणारी यंत्रणा असते. पहिल्या प्रकारातील ओंडके धुराडे नसलेल्या नकली आतिशदानात ठेवून पेटवले, तर पुढे लिहिलेले काहीही उपयोगाचे नाही. ते त्याच दिवशी बंद करून गॅसची जोडणी काढून टाकावी. बर्नरखालील धातूच्या पट्टीवर प्रकार, इंधन आणि ताशी बीटीयूचा (बीटीयू हे उष्णता मोजण्याचे एकक) आकडा कोरलेला असतो. ती पट्टी सापडली नाही, तर वस्तू वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्वाल्हेरच्या मुरार भागातील काही जुन्या बंगल्यांत खरे धुराडे आहे. तिथे व्हेंटलेस संच बसवण्याआधी धुराडे स्वच्छ केलेले आणि पूर्वी लाकूड जाळण्याच्या योग्यतेचे असायला हवे. कबुतरांची घरटी आणि वर्षांची काजळी तशीच ठेवून खाली ज्योत पेटवणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

विझण्यामागचा हिशेब

व्हेंटलेस संचातील पायलट ज्योत अशी बेतलेली असते की, हवेतील प्राणवायूचे प्रमाण नेहमीच्या २०.९ टक्क्यांवरून सुमारे १८ टक्क्यांपर्यंत घसरले की ती आपल्या जागेवरून उचलली जाते आणि शेजारच्या थर्मोकपलपासून, म्हणजे उष्णतेवर किंचित वीज निर्माण करणाऱ्या धातूच्या काडीपासून, दूर सरकते. थर्मोकपल थंड झाला की त्यातून निर्माण होणारा, मिलिव्होल्टमध्ये मोजण्याइतका क्षीण विद्युतदाब नाहीसा होतो आणि त्या दाबावर उघडी राहिलेली चुंबकी झडप गॅस बंद करते. यात कोणतेही इलेक्ट्रॉनिक सर्किट नाही, विजेची गरज नाही आणि म्हणूनच बिघडण्यासारखे फारसे काही नाही.

आता खोलीचा हिशेब पाहू. सिटी सेंटर भागातील नव्या फ्लॅटमधील १० बाय १२ फुटांची, साडेनऊ फूट उंचीची बैठकीची खोली घेतली, तर तिचे आकारमान १,१४० घनफूट, म्हणजे सुमारे ३२ घनमीटर होते. तिच्यात प्राणवायू असतो पावणेसात घनमीटरच्या आसपास. ताशी ३०,००० बीटीयूचा संच एलपीजीवर चालवला, तर तासाला सुमारे ६३० ग्रॅम गॅस जळतो आणि त्यासाठी साधारण १,७०० लिटर, म्हणजे १.७ घनमीटर प्राणवायू लागतो. प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर येण्यासाठी त्या खोलीतून जेमतेम ०.९ घनमीटर खर्च व्हावा लागतो. बाहेरची हवा मुळीच आत येत नसेल, तर याला अर्धा तास लागतो. फटींतून थोडी हवा येतच असते, त्यामुळे प्रत्यक्षात पाऊण तास किंवा तासही होतो. तक्रारीत सांगितलेली वेळ आणि हा हिशेब इतके जुळतात, हा योगायोग नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हाच प्रश्न हमखास बिकट का होतो, याचेही उत्तर यातच आहे. शांत बसलेला माणूस तासाला सुमारे १५ लिटर प्राणवायू वापरतो. वीस बायका एका खोलीत बसल्या, तर ३०० लिटर त्यातच जातो. त्यात थंडी वाजू नये म्हणून दार लावलेले आणि पडदे ओढलेले. शेकोटी विझली म्हणून यजमानीण वहिनी खजील होतात, पण विझली हे बरेच झाले.

उंचीमुळे असे होत असेल का, हा प्रश्न कधी कधी विचारला जातो. समुद्रसपाटीपासून काही हजार फूट उंचीवरच्या गावांत पायलट खरोखर त्रास देतो, कारण तिथली हवाच विरळ असते. ग्वाल्हेर सुमारे २०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे ही शंका येथे सोडून द्यावी.

दोष नेमका कशात आहे, हे वेळेवरून ओळखावे

कोणताही भाग उघडण्याआधी एक साधी परीक्षा करावी. खिडकी आणि समोरचे दार उघडे ठेवून शेकोटी दोन तास चालवावी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सर्व बंद करून, जागे राहून आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ठेवून पुन्हा चालवावी. पहिल्या दिवशी जळत राहिली आणि दुसऱ्या दिवशी विझली, तर कारण हवा हेच आहे. अशा वेळी नवा थर्मोकपल, नवा पायलट, नवा रेग्युलेटर यांवर पैसे घालवू नयेत.

उघड्या खिडकीतही विझत असेल, तर मात्र ती कशी विझते याकडे लक्ष द्यावे. नॉब सोडताच विझत असेल, तर थर्मोकपलची जोडणी सैल आहे किंवा तो जीर्ण झाला आहे. पायलट ज्योत निळी आणि ताठ नसून पिवळ्या टोकाची, लुळी, थर्मोकपलला अर्धवट स्पर्श करणारी दिसत असेल, तर तिच्या हवेच्या बारीक छिद्रात धूळ, कापसाचे तंतू किंवा कोळ्याचे जाळे अडकले आहे. मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत बंद पडलेल्या संचात, विशेषतः ग्वाल्हेरच्या उन्हाळी धुळीनंतर, हे फार सामान्य आहे. ती धूळ हवेच्या झोताने बाहेरून उडवावी. छिद्रात सुई किंवा तार घालू नये. ते छिद्र केसभर जरी मोठे झाले, तरी पायलटचे प्राणवायू ओळखण्याचे माप कायमचे बिघडते, ज्योत छान जळते आणि संरक्षण मात्र नाहीसे होते.

ज्योत अचानक न विझता हळूहळू लहान होत विझत असेल आणि गॅस सिलिंडरचा असेल, तर सिलिंडरला हात लावून पाहावा. आपल्याकडील एलपीजी हे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाच्या आसपास. जानेवारीतील ज्या रात्री ग्वाल्हेरचा पारा पाच अंशांखाली उतरतो, त्या रात्री बाल्कनीत ठेवलेल्या सिलिंडरमधून ताशी ६०० ग्रॅमहून अधिक वायू सतत ओढला, तर आतला द्रव बाष्पीभवनाने आणखी थंड होतो, बाहेरून दवाचा किंवा हिमाचा पट्टा दिसू लागतो आणि दाब पडतो. सिलिंडर अर्ध्याहून रिकामा झाला असेल, तर त्यात ब्यूटेनचा वाटा वाढलेला असतो आणि त्रास अधिक होतो. यावर सिलिंडर गरम पाण्यात ठेवणे, त्यावर उकळते पाणी ओतणे किंवा त्याला हीटरजवळ आणणे हे उपाय काही घरांत सर्रास सांगितले जातात. ते करू नयेत. कमी बीटीयूचा संच वापरणे किंवा ज्योत कमी ठेवणे हाच मार्ग आहे. तसेही १४.२ किलोचा सिलिंडर या गतीने २२-२३ तासांत संपतो, हे एकदा हिशेबात घेतले की शेकोटी दिवसभर चालवण्याचा मोह आपोआप ओसरतो.

फक्त वाऱ्याच्या रात्री विझत असेल किंवा छताचा पंखा हळू फिरवून ऊब पसरवण्याची सवय असेल, तर झोताने पायलट हलतो आहे. पंखा बंद करावा. झोतामुळे मुख्य ज्योतही ओंडक्यांवर आपटते आणि काजळी धरते.

खोलीला किती मोठा संच चालतो

हे संच मूळचे अमेरिकेच्या बाजारासाठी बनतात आणि त्यांचे नियमही तिथल्या संहितांत आहेत. आपल्याकडे येणाऱ्या पेट्यांवरील सूचना त्याच नियमांवर आधारलेल्या असतात, म्हणून ते माहीत असणे आवश्यक आहे. तिथे धुराड्याशिवाय चालणाऱ्या संचाला ताशी ४०,००० बीटीयू ही कमाल मर्यादा आहे. ताशी दर १,००० बीटीयूमागे खोलीचे आकारमान किमान ५० घनफूट असावे लागते. याहून लहान जागा कोंदट मानली जाते आणि तिथे वेगळ्या हवेची सोय केल्याशिवाय संच लावता येत नाही. वरच्या १,१४० घनफुटांच्या खोलीत म्हणून २२,८०० बीटीयूपर्यंतचाच संच बसतो. तिथे ३०,००० चा लावला जातो, कारण दुकानात तोच अधिक भव्य दिसतो. त्याच जागेत गॅसचे दुसरे उपकरण चालत असेल, तर दोघांचे आकडे मिळवून हिशेब करावा लागतो. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नसलेल्या फ्लॅटमध्ये रात्रीचा स्वयंपाक आणि शेकोटी एकाच वेळी चालू असतात, ही गोष्ट सहसा कोणी मोजत नाही.

लष्कर भागातील जुन्या वाड्यांत आकडा सहज जुळतो. १२ बाय १८ फुटांच्या, तेरा फूट उंच दिवाणखान्याचे आकारमान २,८०० घनफुटांवर जाते. पण हिवाळ्यात तिथले झरोके आणि दगडी जाळ्या वर्तमानपत्रे व प्लॅस्टिक कोंबून बंद केल्या जातात आणि ज्या मार्गाने हवा खेळायची तोच बुजतो. ५० घनफुटांचा नियम हा सर्वसाधारण बांधणीच्या, फटींतून थोडीफार हवा येणाऱ्या घरासाठी आहे. रबरी पट्ट्या लावलेल्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या फ्लॅटला किंवा बोळे कोंबलेल्या वाड्याला तो आधार देत नाही. तिथे आकडा जुळूनही शेकोटी विझेल, आणि विझलीच पाहिजे.

हवेची सोय दोन प्रकारांनी करता येते. शेजारच्या मोठ्या खोलीतून हवा घ्यायची असेल, तर मधल्या भिंतीत दोन कायमची भोके लागतात : एक छतापासून १२ इंचांच्या आत, दुसरे जमिनीपासून १२ इंचांच्या आत, प्रत्येकाचे मोकळे क्षेत्रफळ ताशी १,००० बीटीयूमागे एक चौरस इंच आणि कोणत्याही परिस्थितीत १०० चौरस इंचांहून कमी नाही. थेट बाहेरून हवा घ्यायची असेल, तर तशीच वर-खाली दोन भोके, प्रत्येकी ताशी ४,००० बीटीयूमागे एक चौरस इंच पुरतात. ३०,००० बीटीयूला प्रत्येकी साडेसात चौरस इंच. इथे मोकळे क्षेत्रफळ हा शब्द महत्त्वाचा आहे. लाकडी झडपांची जाळी लावली, तर तिच्या दर्शनी क्षेत्रफळाचा पाव भागच मोकळा धरला जातो, धातूच्या झडपांचा पाऊण भाग. म्हणजे साडेसात चौरस इंचांसाठी लाकडी जाळी ३० चौरस इंचांची हवी. आणि त्यावर डासांची बारीक जाळी ठोकू नये. एका हिवाळ्याच्या धुळीत ती जवळजवळ बंद होते, हे कोणत्याही ग्वाल्हेरकराने आपल्या खिडकीवर बोट फिरवून पाहावे. पाव इंचाहून बारीक जाळी या भोकांना चालत नाही.

ज्यांना भिंत फोडायची नाही, त्यांनी शेकोटी चालू असेपर्यंत सरकती खिडकी दोन बोटे उघडी ठेवावी. थोडी थंड हवा आत येईल आणि थोडी ऊब बाहेर जाईल. याची किंमत मान्य नसेल, तर धुराड्याशिवायची गॅसची शेकोटी ही वस्तूच त्या घरासाठी नाही.

झोपण्याच्या खोलीबाबत अमेरिकन नियम फार आखडते आहेत. तिथे धुराड्याशिवायचा हीटर शयनगृहात कमाल १०,००० बीटीयूचा आणि स्नानगृहात ६,००० बीटीयूचाच चालतो, तोही भिंतीवर पक्का बसवलेला, प्राणवायू ओळखणारी यंत्रणा असलेला आणि जागा कोंदट नसेल तरच. २०,००० किंवा ३०,००० बीटीयूच्या ओंडक्यांना तिथे जागाच नाही. घराच्या उबेचे एकमेव साधन म्हणूनही त्यांना मान्यता नाही, आणि कॅलिफोर्नियात राहत्या घरासाठी असे धुराड्याशिवायचे हीटर विकण्यासच बंदी आहे. बंद खोलीत कोळशाची अंगीठी ठेवून झोपलेली कुटुंबे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या उत्तर भारतात दर हिवाळ्यात येतात. त्या वाचून हळहळणारी माणसे गॅसची शेकोटी मात्र निर्धास्तपणे पायथ्याशी लावून झोपतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. शेकोटी पेटलेली असताना घरातील शेवटचा माणूस झोपता कामा नये.

चुकीचा गॅस

नातेवाइकांकडून परदेशातून आलेले किंवा परस्पर मागवलेले अनेक संच पाईपच्या नैसर्गिक वायूसाठी बनवलेले असतात आणि इथे ते सिलिंडरला जोडले जातात. एका घनमीटर एलपीजीत नैसर्गिक वायूच्या सुमारे अडीचपट उष्णता असते. नैसर्गिक वायूच्या मोठ्या जेटमधून, म्हणजे गॅस सोडणाऱ्या छिद्रातून, एलपीजी सोडला, तर शेकोटी आपल्या नेमून दिलेल्या शक्तीच्या जवळपास दुप्पट जळते. ज्योत उंच आणि पिवळी होते, ओंडके काळे पडतात, आणि खोलीतील प्राणवायू वरच्या हिशेबाच्या निम्म्या वेळात संपतो. उलट एलपीजीचा संच पाईपच्या गॅसवर लावला, तर ज्योत केविलवाणी राहते. घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार दाब देतो आणि पाईपचा गॅस घरात २१ मिलिबारच्या आसपास येतो. दोन्ही दाब संबंधित संचांना चालण्यासारखे असतात, त्यामुळे दाब मोजून ‘सर्व ठीक आहे’ असे सांगणारा मेकॅनिक खोटे बोलत नसतो, तो चुकीची गोष्ट तपासत असतो. जेट बदलून देणारे कारागीर सापडतात. परंतु बहुतेक व्हेंटलेस संचांत पायलट, झडपेतील दाब आणि बर्नर हे सर्व एका इंधनासाठी एकत्र बेतलेले असते, आणि उत्पादक असा बदल घरी करण्यास मनाई करतात. दोन्ही इंधनांसाठी कारखान्यातच बनवलेला संच असेल, तरच निवड करता येते.

सिलिंडर शेकोटीशेजारच्या कपाटात लपवू नये. अमेरिकेत एलपीजीची टाकी घराबाहेर असते आणि आत फक्त पक्की धातूची नळी येते, हे लक्षात घेऊन इथेही सिलिंडर हवेशीर जागी, जमिनीच्या पातळीवर आणि उभा ठेवावा. रबरी नळी भिंतीतून किंवा फरशीखालून नेऊ नये. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळाल्यास खाली साचतो. जुन्या वाड्यांतील तळघरे उन्हाळ्यात गार म्हणून आवडीची असतात, हिवाळ्यात तिथेच शेकोटी लावण्याची कल्पना कोणाला सुचली, तर ती तिथेच सोडून द्यावी. गळती साबणाच्या फेसाने तपासावी. शेकोटी विझल्यावर पुन्हा पेटवण्याआधी किमान पाच मिनिटे थांबावे, खिडकी उघडावी आणि जमिनीजवळ वास घ्यावा. वास आला, तर विजेच्या बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करून बाहेर पडावे आणि १९०६ या मदत क्रमांकावर कळवावे.

काजळी, ओल आणि डोकेदुखी

प्राणवायूची यंत्रणा कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही, हे या विषयातील सर्वांत कमी समजले गेलेले सत्य आहे. खोलीत प्राणवायू पुरेसा असतानाही, ज्योत थंड ओंडक्यावर आदळत असेल तर ज्वलन अपुरे राहते, काजळी धरते आणि विषारी वायू तयार होतो, आणि पायलट मात्र समाधानाने जळत राहतो. म्हणून दिवाळीच्या साफसफाईत ओंडके उचलून पुसले आणि अंदाजाने परत ठेवले, असे होऊ देऊ नये. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यावा आणि माहितीपत्रकातील आकृतीशी पडताळून खाचांत बसवावेत. शोभेसाठी नर्मदेचे गोटे, शिंपले किंवा जादा निखारे टाकू नयेत. कागद किंवा लाकडाचा तुकडा टाकण्याचा तर प्रश्नच नाही.

भिंतीवर काळसर छटा येत असेल, तर ती नेहमी शेकोटीच्याच दोषाने येते असे नाही. खोलीत उदबत्ती, धूप किंवा तेलाची समई जळत असेल, तर त्यांचे सूक्ष्म कण उष्ण हवेबरोबर वर जाऊन थंड भिंतीवर चिकटतात. पूजा आणि शेकोटी यांच्या वेळा वेगळ्या ठेवल्या की फरक दिसतो. नव्या संचाला पहिल्या काही तासांत येणारा रंगासारखा वास ओंडक्यांतील चिकटद्रव्याचा असतो. खिडक्या उघड्या ठेवून तो जाऊ द्यावा.

खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळते, ही तक्रारही याच घरांतून येते. एक किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. ३०,००० बीटीयूच्या संचातून तासाला साधारण एक लिटर पाणी खोलीत सोडले जाते, आणि धुराडे नसल्यामुळे ते सर्व आतच राहते. जुन्या वाड्यांतील चुन्याच्या गिलाव्याला ते पुरते ओलावते आणि कपाटामागे बुरशी धरते. नायट्रोजन डायऑक्साइडही तयार होतो, त्यामुळे दम्याचा त्रास असलेले आजोबा किंवा लहान मूल घरात असेल, तर शेकोटी न लावणे बरे.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके जड होणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे एकाच वेळी घरातील एकाहून अधिक माणसांना होत असतील आणि अंगणात गेल्यावर कमी होत असतील, तर ‘थंडी बाधली’ म्हणून काढा देत बसू नये. शेकोटी बंद करून, सर्वांना बाहेर काढून, रुग्णालय गाठावे आणि गॅसची शेकोटी चालू होती हे तिथे आवर्जून सांगावे. अलार्म घेताना गॅसगळतीचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अशी दोन वेगळी उपकरणे असतात हे पाहून घ्यावे. पहिले एलपीजीसाठी जमिनीजवळ आणि पाईपच्या गॅससाठी छताजवळ लावतात. दुसरे बसलेल्या माणसाच्या श्वासाच्या उंचीवर, शेकोटीपासून थोडे दूर. युरोपीय मानकाप्रमाणे बनवलेला अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) एक ते दीड तासात आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत वाजतो. त्यावरील बटण दाबून फक्त भोंगा तपासला जातो, आतील संवेदकाचे आयुष्य नव्हे. मागे छापलेली मुदत संपली की उपकरण बदलावे.

इतके करूनही विझत असेल तर

खोलीचे आकारमान मोजले, हवेची सोय केली, इंधन योग्य असल्याची खात्री केली, धूळ काढली, ओंडके आकृतीप्रमाणे बसवले, आणि तरीही उघड्या खिडकीत शेकोटी विझत असेल, तर पायलट, प्राणवायूची यंत्रणा आणि थर्मोकपल हा एकत्र येणारा भाग त्याच उत्पादकाचा आणि त्याच मॉडेलचा मागवून संपूर्ण बदलावा. सुटा थर्मोकपल गीझरचा किंवा शेगडीचा आणून बसवू नये. ज्योतीपासूनचे त्याचे अंतर मिलिमीटरने जरी बदलले, तरी १८ टक्क्यांची मर्यादा १६ किंवा १५ वर सरकू शकते, आणि ते वापरणाऱ्याला कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. मूळ भाग मिळत नसेल, तर बर्नरला जाणारी जोडणी काढून नळीचे तोंड धातूच्या टोपीने बंद करून घ्यावे. ओंडके शोभेसाठी तसेच ठेवायला हरकत नाही. ऊब हवी असेल तर त्यांच्यासमोर विजेचा तेलभरला रेडिएटर ठेवावा, ज्याला खोलीतील प्राणवायू लागत नाही.